देवाआधी काढलेलं ताट

शेजारच्या दाराला कुलूप लागलं की आपल्याच घरातले आवाज मोठे होतात, हे मला म्हातारपणी कळलं. नळाची टपटप, फ्रिजची घरघर, माझ्याच चपलांची फटफट. हे सगळं आधीही होतंच, पण भिंतीपलीकडे अक्का होत्या, त्यामुळे ते ऐकू यायचं नाही. अक्का म्हणजे माझ्या शेजारीण. घरात कानडी, माझ्याशी मराठी, आणि दूधवाल्याशी भांडताना दोन्ही. त्यांच्या मुलांना मी शाळेत शिकवलं, म्हणून त्या मला ‘बाई’ म्हणायच्या. मागच्या उन्हाळ्याच्या आदल्या उन्हाळ्यात त्या न्हाणीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. गाडीत बसताना म्हणाल्या, “महिन्यात येते की, बाई. तुळशीला पानी घाला.” महिना गेला, पावसाळा गेला. तुळशीला मी पाणी घालत राहिले. ख्रिस्ती बाईनं रोज तुळशीला पाणी घालावं, याची मला गंमत वाटायची, पण सांगायला शेजारी कुणी नव्हतं.

त्या नाताळच्या सुमारास आमच्या चर्चचे पाळकसाहेब घरी आले. वयानं तरुण, माझ्या विद्यार्थ्यांहूनही लहान. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होण्याआधी स्त्रियांची एक मोठी सभा असते, तिथं मी बोलावं असं त्यांचं म्हणणं होतं. विषय त्यांनीच ठरवला होता, पवित्रीकरण आणि आध्यात्मिक वाढ. मी म्हटलं, “पाळकसाहेब, हा विषय तुमच्या शिक्षणाचा. मला काय कळतंय त्यातलं?” त्यावर ते म्हणाले, “तुमच्याशिवाय कोण बोलणार? तुमचं आयुष्य हीच साक्ष आहे.” चहा पिऊन ते गेले आणि हे वाक्य माझ्याकडे सोडून गेले.

आमच्या शिकवणीप्रमाणे देव क्षमा करतो ती एका क्षणात. कोर्टात निकाल लागतो तशी. पण क्षमा झालेला माणूस आतून बदलणं, दिवसेंदिवस देवाच्या स्वभावाच्या जवळ जाणं, याला उरलेलं सगळं आयुष्य लागतं आणि तरी ते इथं पुरं होत नाही. यालाच पवित्रीकरण म्हणतात. रविवारच्या शाळेत मी हे पिढ्यान्‌पिढ्या पोरांना घोकवलं आहे. तेव्हा बोलायला काय अवघड, असं मला वाटलं. सकाळी भाकरी करून झाली की मी टेबलाशी कागद घेऊन बसू लागले.

आणि लिहिता येईना. मी माझ्या आयुष्यातलं उदाहरण शोधायला जायची आणि प्रत्येक वाक्य ‘नाही’ वर संपायचं. सिनेमाला गेले नाही. लग्नाच्या वरातीत नाचले नाही. प्रसाद खाल्ला नाही. खोटी हजेरी मांडली नाही. हे सगळं खरं होतं. पण विद्यार्थिनीनं असा निबंध लिहिला असता तर मी समासात लिहिलं असतं की, अगं, तू काय केलंस ते सांग. वाढीवर बोलायचं होतं आणि मला माझी वाढच सापडेना. एके दिवशी कागदावर नको तो प्रश्न उतरला. मी पवित्र झाले, की नुसती एकटी राहिले? तो कागद मी फाडला, पण प्रश्न काही फाटला नाही.

त्याचं मूळ माझ्या वडिलांपाशी आहे. ते वैरागच्या बाजूला खेडोपाडी उपदेशक होते. देऊळ, चर्चला आम्ही देऊळच म्हणतो, म्हणजे पत्र्याची एक खोली, मंडळी म्हणजे चार घरं. त्या देवळात प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत द्राक्षरस घ्यायच्या विधीचा, एक पितळी प्याला होता. तो कपाटात, पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला असायचा. लहानपणी मी एकदा त्यात पाणी प्यायला निघाले, तेव्हा वडिलांनी तो अलगद काढून घेतला. “ह्यातनं पानी पिऊ ने,” ते म्हणाले. मी विचारलं, का, सोन्याचा आहे का? ते म्हणाले, “सोन्याचा न्हाय. आपल्या घरातल्या तांब्यासारखाच हाय. पण तो वेगळा काढलाय. पवित्र म्हंजी चांगला न्हवं पोरी, पवित्र म्हंजी देवासाठी वेगळा काढलेला. तू बी तशीच.”

हे ‘तू बी तशीच’ मला फार आवडलं होतं. त्याची किंमत शाळेत कळली. सरस्वतीपूजनाच्या दिवशी सगळ्यांना ओळीत उभं करून खोबरं-साखर वाटायचे. मी दोन्ही हात मागे नेऊन मुठी आवळून उभी राहायची. गुरुजी पुढे सरकायचे. माझ्या दोन्ही बाजूच्या मुली बोटं चाटत असायच्या आणि मधे मी, देवासाठी वेगळी काढलेली, तोंडाला पाणी सुटलेली. वडिलांना मी हे कधी सांगितलं नाही. त्यांना वाईट वाटलं असतं असं नाही, त्यांना अभिमान वाटला असता, आणि मला त्या वेळी अभिमान नको होता, खोबरं हवं होतं.

मोठेपणी या वेगळेपणाची सवय झाली. सोलापूरला नोकरी लागली. स्थळं आली, पण मुलगा ख्रिस्ती हवा, शिकलेला हवा, विश्वासात पक्का हवा आणि दारू न पिणारा हवा, एवढ्या चाळण्यांतून खाली काही पडलंच नाही. लोक म्हणत, बाईंचा स्वभाव तापट, म्हणून राहिली. तेही खोटं नाही. वडील गेले, आई गेली. घर माझ्या एकटीचं झालं. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी देवळात जाऊन प्याले धुवायचं काम माझ्याकडे आलं. आता एक पितळी प्याला नसतो, बोटाएवढे काचेचे पुष्कळ प्याले असतात. ते धुऊन, पुसून, उजेडाला धरून बघण्यात माझा शनिवार जायचा, आणि खरं सांगते, आठवड्यातला तोच दिवस मला आवडायचा.

अक्का शेजारी राहायला आल्या त्या वर्षीच्या संक्रांतीला मधल्या बुटक्या भिंतीवरून ताट आलं. शेंगांची पोळी, त्यांच्या भाषेत होळगी, भोगीची भाजी, तिळाची भाकरी. मी नेहमीसारखी ताठ झाले. म्हटलं, “अक्का, राग मानू नका, पण आम्ही देवापुढचं खात नाही.” हे वाक्य मी आयुष्यभर म्हणत आले आहे. कुणाचा चेहरा पडायचा, कुणी खवचटपणे म्हणायचं, मग आमच्याकडचं पाणी तरी चालतं का. अक्का ताट घेऊन आत गेल्या. मला वाटलं, संपलं, आता ही बाई फक्त कामापुरतं बोलणार.

पाडव्याला भिंतीवरून पुन्हा ताट आलं. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, “हे देवापुढचं न्हाई, बाई. तुमचं आधी काढलंय.”

तेव्हापासून हे सुरू झालं ते त्या पडेपर्यंत. नागपंचमी असो, दसरा असो, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत पाहुण्यांनी घर भरलेलं असो, माझं ताट झाकण घालून भिंतीवर यायचंच आणि मागून तेच शब्द, “आधी काढलंय.” मला वाटायचं, तव्यावरची पहिली पोळी उचलून बाजूला ठेवत असतील, त्यात काय मोठं. नाताळात मी त्यांच्यासाठी अंड्याशिवायचा केक करायची, त्या अंडं खात नाहीत म्हणून. तो वेगळ्या भांड्यात, वेगळ्या चमच्यानं, आणि सगळ्यात आधी. एकदा खिडकीतून सहज बघितलं तर माझा केक त्यांच्या देवापुढे ठेवलेला आणि पुढे उदबत्ती. मी विचारलं तर म्हणाल्या, “देवाला दावल्याबिगर मी पानी बी पीत न्हाई की.” येशूच्या जन्माचा केक शिवलिंगापुढे. मी हे कुठल्याच पाळकसाहेबांना सांगितलेलं नाही.

पण एक गोष्ट आता टोचते. इतक्या वर्षांत आम्ही दोघी एका पंगतीला कधी बसलो नाही. ताटं भिंत ओलांडायची, आम्ही नाही. त्या म्हणायच्या, “बसा की हितंच, वाढते.” मी म्हणायची, नको, घरी प्रार्थना करून खाते. मग मी माझ्या स्वयंपाकघरात टेबलाशी डोळे मिटायची आणि भिंतीपलीकडे त्यांची माणसं हसत-बोलत जेवायची. गरम पोळी होती, तूप होतं, आणि समोरची खुर्ची रिकामी होती.

तर त्या जानेवारीत, माझा भाषणाचा कागद कोराच असताना, अक्का परत आल्या. राहायला नाही. घर विकायचं ठरलं होतं आणि या घरात शेवटची संक्रांत करायची म्हणून अक्कलकोटला दिलेली त्यांची मुलगी त्यांना घेऊन आली होती. मुलगी भिंतीपाशी येऊन हळूच म्हणाली, “बाई, आईला आता लई विसरायला होतंय. ओळखलं न्हाई तर वाईट वाटून घेऊ नका.” मी पदर नीट करून पलीकडे गेले. अक्का वॉकर धरून दारात उभ्या होत्या, निम्म्या झालेल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “बाई, केस काय पांढरे झाले तुमचे.” मला फार बरं वाटलं.

संक्रांतीच्या दिवशी दुपारी त्यांनी मला आत बोलावलं. भिंतीवरून काही येणार नव्हतं, वॉकर धरून ताट कोण देणार. मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात पहिल्यांदाच जेवणाच्या वेळी उभी होते. अक्कांनी एका हातानं ओट्याला धरून दुसऱ्या हातानं ताट माझ्याकडे सरकवलं, मी ते धरलं. होळगी होती, भाजी होती, आणि कडेला बेलाचं पान. पोळीवर विभूतीचं बोट उमटलेलं. ते ताट देवापुढून उचललेलं होतं.

मुलगी आतल्या खोलीतून आली, तिनं ते पाहिलं आणि घाईनं म्हणाली, “थांबा बाई, ते देवापुढचं हाय. आई, अगं, बाईंचं आधी काढायचं असतंय ना.” मग मला म्हणाली, “माझंच चुकलं. तिच्या ध्यानात ऱ्हाईल असं वाटलं. मागं ती दर सणाला पहाटं उठून मागच्या अंगणात तुमच्यासाठी वेगळी चूल लावायची.”

“वेगळी चूल कशाला?” मी विचारलं.

“आमच्यात देवाचा सयपाक झाला की त्यातलं कनभर बी देवाच्या आधी कुनाला द्यायचं न्हाई. मग तुमचं कसं काढनार? म्हनून तुमच्यापुरतं आधी भाईर करायची, मग परत आंघोळ करून आत देवाचं. आजी लई बोलायची तिला. देवाच्या आधी मानसाचं करती म्हनून. तर म्हनायची, बाईंच्या देवाला चालत न्हाई, मी काय करू.”

इतकी वर्षं मी माझं पावित्र्य डोळ्यांत तेल घालून सांभाळलं असं मानत होते, आणि ते थंडीत अंगणात बसून, दोनदा आंघोळ करून, सासूची बोलणी खाऊन दुसरीच कुणी सांभाळत होती. तिनं स्वतःचा नेम मोडला नाही आणि माझाही मोडू दिला नाही. दोन्हींच्या मधे तिनं फक्त स्वतःची झोप घातली.

अक्कांकडे बघितलं तर त्यांचा चेहरा बदलला होता. मुलीचं बोलणं त्यांना कळलं होतं. आपण काहीतरी विसरलो, आणि विसरू नये तेच विसरलो, हे त्यांना समजलं होतं. त्या घाबरल्या होत्या. ताट परत घ्यायला त्यांनी हात पुढे केला. “चुकलं की माझं,” त्या म्हणाल्या. “तुमचं काढायचं ऱ्हायलं.”

त्या क्षणी मला वडिलांचा प्याला आठवला. फडक्यात गुंडाळलेला नाही, कपाटाबाहेर काढलेला. महिन्यातून एकदा वडील तो दोन्ही हातांनी धरून उभे राहायचे आणि चारही घरांतली माणसं त्या एकाच प्याल्यातून प्यायची. म्हातारी, पोरं, आजारी, एकमेकांशी अबोला धरलेले भाऊ, सगळ्यांचे ओठ त्याच कडेला. तो वेगळा काढला होता तो याच्यासाठी. वडिलांनी मला कपाट दाखवलं तसं हेही दाखवलंच होतं, दर महिन्याला, माझ्या डोळ्यांसमोर. मी मात्र कपाटच धरून बसले होते.

मी ताट सोडलं नाही. म्हटलं, “असू द्या, अक्का. हेच खाते. पण इथंच बसून खाते, तुमच्याबरोबर.”

मुलीनं माझ्याकडे बघितलं. तिनं अक्कांसाठी खुर्ची आणली, माझ्यासाठी पाट. मी नेहमीसारखे डोळे मिटले, येशूच्या नावानं आभार मानले, बेलाचं पान उचलून ताटाच्या कडेला ठेवलं आणि जेवले. पोळीत गूळ कमी पडला होता. अक्का जेवायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. “झालीय का बरी?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लई झाक झालीय. त्या हसल्या आणि मग एक घास त्यांनी खाल्ला. तेवढं एकच जेवण आम्ही समोरासमोर बसून जेवलो. दोन दिवसांनी त्या पुण्याला परत गेल्या.

सभेत मी कागदाशिवाय उभी राहिले आणि हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. प्याला सांगितला, अंगणातली चूल सांगितली. म्हटलं, वाढ म्हणजे काय ते मला इतकंच कळलं आहे की वेगळं काढलेल्या माणसाला शेवटी कुणाच्या तरी हातात जावं लागतं. मग माझ्याबरोबर गायनमंडळात आयुष्य काढलेली एक बाई उभी राहिली आणि तिनं सरळ विचारलं, “म्हणजे बाई, तुम्ही नैवेद्य खाल्लात?”

मी म्हटलं, “खाल्ला.”

पाळकीणबाईंनी घाईघाईनं गीत सुरू केलं. नंतर चहाला माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली. पुढच्या आठवड्यात पाळकसाहेब घरी आले आणि चपला काढता काढताच म्हणाले, “बाई, प्याले धुवायचं काम आता तरुण बायकांना देऊया. तुमचं वय झालं, दगदग नको.” ते माझ्याकडे बघत नव्हते. मला सणकून राग आला. माझे शनिवार काढून घेतले म्हणून आला, आणि खरं कारण तोंडानं सांगितलं नाही म्हणून जास्त आला. पण मी भांडले नाही. ते पोरगं त्याच्या परीनं प्याले जपत होतं. मीही तेच केलं होतं, आयुष्यभर.

मी चुकले का, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. वडील असते तर काय म्हणाले असते, हा विचार येतो आणि मी भांडी घासायला उठते. पण त्या कागदावरच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत झालं आहे. मी एकटी राहिले होते. पवित्र व्हायला सुरुवात झाली असेल तर ती त्या पाटावर झाली, फार उशिरा, आणि ज्यांच्यापाशी झाली त्या दोन दिवसांत निघून गेल्या. आता रविवारी मी मागच्या बाकावर बसते. प्याला येतो, तो दुसऱ्या कुणी धुतलेला असतो, आणि त्यावर कधी कधी पाण्याचा डाग दिसतो. मी तो पुसत नाही, पिऊन पुढे देते.

शेजारच्या घराला नवीन मालकाचं कुलूप आहे. ते कुंभारीकडे राहतात, अजून आलेले नाहीत. तुळस वाळली, कारण फाटकालाही आता कुलूप असतं.

नाताळ आला तेव्हा मी केक करायला घेतला आणि हात आपोआप दुसऱ्या भांड्याकडे गेला. अंड्याशिवायचा आधी. भाजून झाला, गार केला, कापला. माझी प्रार्थना व्हायच्या आत, मी स्वतः चाखायच्या आत, पहिला तुकडा ताटलीत काढून वर झाकण घातलं आणि बाहेर जाऊन भिंतीवर ठेवला. का ठेवला ते विचारू नका. दुपारी अक्कांच्या मुलीचा फोन आला, नाताळच्या शुभेच्छा द्यायला. मी अक्कांचं विचारलं. ती म्हणाली, “आता कुनालाच ओळखत न्हाई बाई. दादाला बी न्हाई. पण जेवायला बसवलं की घास अडवून धरती. बाईंचं काढलं का, असं इचारती. कोन बाई म्हटलं तर सांगता येत न्हाई तिला. आमी सांगितल्याशिवाय घास घेत न्हाई.”

मी फोन कानाला धरून भिंतीवरच्या झाकणाकडे बघत राहिले. मग म्हटलं, “सांगा त्यांना, काढलंय.”